ओढ्यातली जलपर्णी, काठावरची घाणेरी: उपटून झाल्यावर पुढे काय?

ओढाकाठ:
नमस्कार मंडळी. आमचा लहानसा गट सुटीच्या दिवशी एका ओढ्यावर काम करतो. पाण्यात जलपर्णी, काठावर घाणेरी आणि रानमोडी, उघड्या मातीवर गाजरगवत. सगळं बाहेरून आलेलं आणि सगळं माजलेलं. उपटणं जमतं. माणसंही मिळतात, फोटो झकास येतात. पण जिथली घाणेरी काढली तिथे पुढच्या पावसात गाजरगवत तरारतं, आणि जलपर्णी काढली की महिन्याभरात पाणी पुन्हा दिसेनासं होतं.

तेव्हा "कसं काढायचं" हा माझा प्रश्नच नाही. काढल्यानंतर त्या जागेचं काय करायचं? लगेच देशी झाडं लावायची, थांबायचं, की काही जागांना हातच लावायचा नाही? मला वाटतं आपण सगळे उपटण्याच्या दिवसावर नको इतका जीव टाकतो आणि त्यानंतरच्या दोन वर्षांकडे ढुंकून बघत नाही. पटत नसेल तर भांडा.

मुकादम:
जलपर्णी पसरायच्या आत पहिला प्रतिसाद टाकून ठेवतो. सविस्तर सवडीने.

पाणलोट:
पाण्यापुरतं बोलतो. जलपर्णी हे दुखणं नाही, दुखण्याचं लक्षण आहे. वरून सांडपाणी आणि शेतातलं खत येतंय, म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस फुकटात मिळतायत, तोवर तुम्ही रोज उपटा. पोषक पाण्यात एक-दोन आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होतो. तुमचा गट मोठा की तिचा, हिशेब करा. आधी नाला बंद, मग जलपर्णी. उलट क्रमाने कुणालाही जमलेलं नाही.

निवडुंग:
पाणलोट, अर्धं पटलं. सांडपाणी हे इंधन आहे यात वाद नाही. पण तेवढंच कारण असतं तर तिच्या मूळ जागी, ॲमेझॉनच्या खोऱ्यात, पोषक पाण्यात ती अशीच माजली असती. तिथे तिला खाणारे किडे आहेत. इतरत्र ती एकटी आली, वैरी मागेच राहिले.

व्हिक्टोरिया सरोवराचं उदाहरण घ्या. तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती दिसू लागली आणि पुढच्या काही वर्षांत बंदरं, मासेमारीचे धक्के, पाणी खेचण्याच्या जागा सगळं अडलं. १९९५ पासून निओकेटिना जातीचे भुंगे सोडले आणि १९९०च्या दशकाच्या शेवटी पसारा झपाट्याने कमी झाला. त्या काळातल्या वादळी हवेचाही त्यात हात होता असं म्हणतात, पण भुंग्यांनी पोखरलेली झाडंच लाटांनी मोडली. सांडपाणी तेव्हा काही थांबलं नव्हतं.

दुसरं म्हणजे बी. गाळात पडलेलं जलपर्णीचं बी वीस वर्षंसुद्धा जिवंत राहू शकतं. म्हणजे उद्या नाला बंद झाला तरी काम संपत नाही.

पाणलोट:
पण व्हिक्टोरियात ती नंतर काही भागांत परत आली, तेही सांगा. इंधन तसंच राहिलं की हेच होतं.

निवडुंग:
आली. आणि भुंगेही परत वाढले. मी "किंवा" म्हणत नाहीये, "आणि" म्हणतोय.

आळशी_अजगर:
भुंग्यांना निविदा भरता येत नाही, हा त्यांचा मोठा दोष आहे. त्यामुळे जलपर्णी काढायचं यंत्र दरवर्षी येतं, भुंगे कुणी विचारत नाही.

चिखल्या:
😄 अजगरराव, त्यांचं काम दिसतही नाही हो. मी बघितलंय. पानावर नखाने खरवडल्यासारखे छोटे चौकोनी डाग पडतात, पान तपकिरी व्हायला लागतं. अळी आत देठात असते. फुगीर देठ चिरला तर आतला स्पंजासारखा भाग पोखरलेला दिसतो. मग त्यात पाणी शिरतं आणि झाड हळूहळू खाली बसतं. यंत्रवाले मात्र भुंगे लागलेला पट्टाच आधी उचलून नेतात, कारण तो पिवळा पडलेला आणि वाईट दिसतो! भुंगे सोडले असतील तिथे थोडी जलपर्णी मुद्दाम ठेवावी लागते, नाहीतर त्यांनी राहायचं कुठे?

वनस्पतीवेडी:
ओढाकाठ, घाणेरीबद्दल. "कसं काढायचं हा प्रश्नच नाही" असं तुम्ही म्हणालात, पण पुढे काय उगवतं ते बऱ्याच अंशी काढण्याच्या पद्धतीवरच ठरतं. कोयत्याने बुंध्यापाशी छाटली तर एका फांदीच्या दहा होतात. जाळली तरी फुटते. जेसीबीने उकरली तर सगळी माती उलथते आणि आत निजलेलं बी वर येतं. गाजरगवताला याहून चांगलं आमंत्रण नाही.

दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांच्या गटाने एक सोपी रीत रूढ केली. खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या सांध्यातूनच नवे कोंब येतात. म्हणून कुदळीने त्या सांध्याच्या जरा खाली, मातीत तीन ते पाच सेंटिमीटर जाऊन मूळ तोडायचं. माती फारशी हलत नाही. मग झुडूप उचलून उलटं ठेवायचं, वादळात छत्री उलटते तसं, मुळं आभाळाकडे. जमिनीला टेकलेल्या फांद्या पुन्हा मूळ धरतात, ते यात टळतं. हे सगळं फळं काळी व्हायच्या आत. कारण काळं फळ म्हणजे बुलबुलांची मेजवानी आणि पुढच्या पाच झाडांखाली घाणेरी.

दोन माणसं, एक कुदळ. फोटो चांगला येत नाही एवढीच अडचण.

ओढाकाठ:
वनस्पतीवेडी, ही उलटं ठेवायची गोष्ट ठाऊक नव्हती. आमच्याकडे काढलेल्या झुडपांचा ढीग पाण्याकडेलाच लागतो. तो हलवायला हवा असं दिसतंय.

तिबोटी:
भुंग्यांचं कौतुक वाचून घाबरायला झालं. परका जीव काढायला दुसरा परका जीव आणायचा? क्वीन्सलँडमध्ये १९३५ साली उसातले भुंगेरे खायला हवाईहून बेडूक आणले. भुंगेरे उसाच्या शेंड्यावर, त्यांच्या अळ्या जमिनीखाली, आणि बेडूक मधे जमिनीवर. भुंगेरे तसेच राहिले, बेडूक उत्तर ऑस्ट्रेलियात दूरवर. त्या विषारी बेडकांना खाऊन तिथले क्वोल (मांजराएवढे पिशवीवाले मांसाहारी प्राणी) आणि घोरपडी मेल्या त्या वेगळ्याच.

आफ्रिकन गोगलगायीचा बंदोबस्त करायला प्रशांत महासागरातल्या बेटांवर शिकारी गोगलगाय सोडली, तिचंही तेच. मूरिया बेटावर १९७७ मध्ये सोडली, दहा वर्षांत तिथल्या पार्टुला गोगलगायी रानातून नाहीशा. आफ्रिकन गोगलगाय मजेत.

आळशी_अजगर:
मुंगूस विसरलात. आपल्याकडचं मुंगूस १८७२ साली जमैकात नेलं, मग १८८३ मध्ये हवाईत. उसातले उंदीर मारायला. मुंगसाची दिवसपाळी, उंदराची रातपाळी. भेटच नाही. मग मुंगसाने जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी संपवली.

निवडुंग:
ही तिन्ही उदाहरणं खरी आहेत, आणि तिन्हींत एकच गोष्ट समान आहे: समोर येईल ते खाणारा प्राणी सोडला. बेडूक, मुंगूस, शिकारी गोगलगाय. तणासाठी वापरतात ते किडे एकाच झाडावर जगणारे असतात. सोडण्याआधी त्यांना त्या झाडाच्या नात्यातली इतर झाडं आणि पिकं देऊन उपाशी ठेवून बघतात, मरतात की खातात. यात वर्षं जातात.

साल्व्हिनियाची गोष्ट तर वाचण्यासारखी आहे. पाण्यावर तरंगणारं हे नेचं, केरळमध्ये त्याला आफ्रिकन पायल म्हणतात, मूळचं ब्राझीलचं. सुरुवातीला शास्त्रज्ञांनी त्याला भलतीच जात समजून तिच्यावरचे किडे आणले, ते चालले नाहीत. १९७२ मध्ये ही वेगळी जात आहे हे ठरलं, १९७८ मध्ये तिचं मूळ घर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं, आणि तिथे एक बारकासा भुंगा मिळाला, सिर्टोबॅगस. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला. वर्ष-सव्वा वर्षात अंदाजे १८,००० टन साल्व्हिनिया संपलं. केरळातही पुढे तोच भुंगा कामाला आला. जात ओळखण्यात चूक झाली तर सगळंच चुकतं.

आता माझ्याच नावाची गोष्ट, म्हणजे बाजू दोन्हीकडून होईल. ऑस्ट्रेलियात निवडुंगाने अडीच कोटी हेक्टरच्या आसपास जमीन व्यापली होती. १९२६ पासून अर्जेंटिनातला कॅक्टोब्लास्टिस पतंग सोडला, त्याच्या अळ्यांनी सात-आठ वर्षांत रान मोकळं केलं. तोच पतंग १९५७ मध्ये कॅरिबियन बेटांवर नेला आणि १९८९ मध्ये फ्लोरिडात सापडला. तिथे निवडुंग देशी आहेत. म्हणजे किडा तोच, काम तेच, एका जागी उपकार आणि दुसऱ्या जागी संकट.

तिबोटी:
मान्य, पण मग हा निर्णय हौशी गटाचा नाही एवढं तरी धाग्यात ठळक लिहा. उद्या कुणीतरी डबीतून किडे घेऊन ओढ्यावर जाईल.

निवडुंग:
शंभर टक्के. परवानगी, चाचण्या, अलग्नवास (क्वारंटाइन) हे सगळं सरकारी संस्थांचं काम. आपण फक्त "आमच्याकडे भुंगे आहेत का" हे बघायचं आणि असतील तर त्यांचं घर उचलून न्यायचं नाही.

सरळसोट:
थोडं उलट बोलू का? परकं म्हणजे वाईट हे फार झालंय. आपली निम्मी पिकं परदेशी आहेत. आंतरराष्ट्रीय जैवविविधता मंच आयपीबीईएसच्या २०२३च्या अहवालातच आहे: माणसाने जगभर इकडून तिकडे नेलेल्या जाती ३७,००० पेक्षा जास्त, त्यांपैकी खरोखर नुकसान करणाऱ्या ३,५०० च्या वर. वनस्पतींमध्ये तर सहा टक्केच. मग प्रत्येक परक्या रोपट्यामागे कोयता घेऊन धावायचं कशाला?

वनस्पतीवेडी:
धावू नयेच. पण त्याच अहवालात पुढे आहे की जगातून नाहीशा झालेल्या जातींपैकी साठ टक्क्यांच्या नामशेष होण्यात या आक्रमक जातींचा वाटा होता. आणि नुकसान वर्षाला ४२३ अब्ज डॉलरच्या वर, हा २०१९चा आकडा. सहा टक्के ऐकायला कमी वाटतं. पण ती कुठली सहा हे आधी कळत नाही, कळतं तेव्हा ती डोक्याएवढी झालेली असते.

सरळसोट यांचा एक मुद्दा मात्र मला उपयोगी वाटतो. काठावरचं प्रत्येक परकं झुडूप काढायला निघालं तर माणसं दमतात आणि जे खरंच पसरतंय ते राहून जातं.

सरळसोट:
चला, अर्धा गुण मिळाला.

चिखल्या:
आणि देशी म्हणजे साधूसंतही नव्हे. पाणकणीस देशीच आहे, पण सांडपाण्यात सोडा, सगळा तलाव गिळतं. साळुंकी आपल्याकडे अंगणातली, ऑस्ट्रेलियात तिला लोक पिंजरे लावतात, कारण ती झाडांच्या ढोल्या बळकावते. माडाचा सोंड्या भुंगा दक्षिण आशियातून भूमध्य समुद्राकाठी पोचला आणि तिथले खजुराचे वृक्ष पोखरतोय. आपण नुसते सोसत नाही, निर्यातही करतो.

पाणलोट:
विषय निघालाच आहे तर घरातून होणाऱ्या निर्यातीबद्दल बोला. फिशटँक. सकर मासा टाकीत बोटाएवढा असतो म्हणून आणतात, तो हातभर झाला की "बिचाऱ्याला मोकळं करू" म्हणून नदीत. तो काठात बिळं करतो, काठ ढासळतो, गाळ वाढतो. अंगावर चिलखत, त्यामुळे जाळी फाटतात आणि त्याला कुणी खातही नाही. कानामागे लाल पट्टा असलेलं ते गोंडस कासव तसंच. टाकीतलं पाणी नाल्यात ओतणंसुद्धा वाईट, त्यात पाणवनस्पतींचे तुकडे आणि गोगलगायींची अंडी असतात.

मधुमालती:
अगदीच नवखा प्रश्न आहे, हसू नका. डासांसाठी डबक्यात गप्पी सोडतात ते चालतं का मग? ते तर चांगलं काम म्हणून सांगतात.

तिबोटी:
मधुमालती, हसण्यासारखं काही नाही, मोठ्या माणसांनाही हा प्रश्न पडत नाही. गप्पी दक्षिण अमेरिकेतला, गॅम्बुसिया उत्तर अमेरिकेतला. बंद टाकीत, जिथून पाणी कुठेच जात नाही, तिथे एक वेळ ठीक. ओढ्यात, तळ्यात, झऱ्यात नाही. गॅम्बुसिया तर बेडकांची अंडी आणि देशी माशांची पिल्लंही खातो, जगातल्या शंभर वाईट आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आणि वाहत्या, सावलीच्या पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे आपले देशी मासे असतातच. ॲप्लोकायलस नावाचा एक चिमुकला आहे, अगदी पाण्याच्या वरच्या थरात फिरतो, डोक्यावर चमचमता पांढरा ठिपका. वरून बघितलं तर आधी ठिपकाच दिसतो.

मधुमालती:
ठिपकेवाला पाहिलाय मी! नाव आत्ता कळलं. आभार.

मुकादम:
सवड मिळाली. मी मालवाहतुकीत आहे, त्यामुळे माझं लक्ष झाडांपेक्षा लाकडी पॅलेटकडे. कीड बहुतेक वेळा मालातून येत नाही, मालाखालच्या लाकडातून येते. अमेरिकेत २००२ मध्ये डेट्रॉइटपाशी हिरवा चकचकीत ॲश बोरर (ॲशची झाडं पोखरणारा भुंगा) सापडला, आशियातून खोक्यांच्या लाकडातून आला असावा असं मानतात. तेव्हापासून कोट्यवधी ॲश वृक्ष गेले. पुढे तो जंगलाजंगलांत पसरला तो लोकांनी सहलीला गाडीतून नेलेल्या सरपणामुळे.

आता नियम असा की आंतरराष्ट्रीय मालाचं लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग तीस मिनिटं तापवायचं किंवा मान्य असलेली दुसरी प्रक्रिया करायची, आणि शिक्का मारायचा. शिक्क्यात लोंबीसारखं चिन्ह असतं. जुन्या पॅलेटची बाकं, कुंड्या करणाऱ्यांनी शिक्का बघून घ्यावा, आणि पोखरलेलं, भुसा गळणारं लाकूड असेल तर घरी नेऊ नये.

जहाजाचा तोल राखायला तळात भरलेल्या पाण्याचंही तेच. अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांत झेब्रा शिंपले त्या पाण्यातूनच आले, १९८८ मध्ये दिसले आणि पाणी खेचणारे नळ आतून बुजवून टाकले. त्यावरचा जागतिक करार २००४ मध्ये झाला आणि अमलात यायला २०१७ उजाडलं. शिंपले तेरा वर्षं थांबले नसणार.

ओढाकाठ:
मंडळी, सगळं वाचतोय, फार शिकायला मिळतंय. पण जहाजं, मुंगसं, पॅलेट झाली. माझ्या काढलेल्या जागेचं काय?

आळशी_अजगर:
धागाकर्त्याने धाग्यावर परत येणं हीच मुळात दुर्मीळ जात.

वनस्पतीवेडी:
😄 येते मुद्द्यावर. सिडनीत जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणींनी १९६०च्या दशकापासून हाताने तण काढून रान परत आणलं. त्यांची रीत आपल्या सवयीच्या अगदी उलटी आहे. आपण जिथे सगळ्यात भयानक रान माजलंय तिथे आधी तुटून पडतो. त्या जिथे देशी झाडं अजून धडधाकट आहेत आणि तण तुरळक आहे, तिथून सुरू करायच्या आणि हळूहळू दाट तणाकडे सरकायच्या. माती शक्य तितकी कमी हलवायची, आणि उपटून झालं की पालापाचोळा परत पसरायचा. आणि शेवटचं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: देशी रोपं जितक्या वेगाने मोकळी जागा भरतात, त्याहून जास्त जागा मोकळी करायचीच नाही.

म्हणजे "काढल्यावर काय लावू" हा प्रश्न पडतोय तिथे बहुधा गरजेपेक्षा जास्त काढलं गेलंय. शेजारी चांगलं रान असेल तर बी तिथूनच येतं. नसेल तरच लावायचं.

ओढाकाठ:
हे पटतंय आणि झोंबतंयही. माणसं येतात ती मोठी जागा साफ झालेली बघायला. त्यांना "आज फक्त या तीन झाडांभोवतीचं काढा" कसं सांगू?

चिखल्या:
सांगू नका, वाटून द्या. प्रत्येकाला एक देशी झाड. त्याच्या पसाऱ्याखाली एकही परकं रोप दिसता कामा नये, पुढच्या वेळी त्यानेच बघायचं. माणसं मालकी लागली की आपसूक येतात.

पाणलोट:
पण ब्रॅडली बहिणींचं रान जागेवर उभं असतं. पाणी वाहतं. "चांगल्या टोकापासून" ही रीत ओढ्यात लावली आणि चांगलं टोक खाली असलं तर वरून रोज नवी जलपर्णी उतरणार. पाण्यात सुरुवात वरूनच. अगदी वरचं जे एकुलतं डबकं भरलंय ते आधी, आणि मधे एक तरंगता दोर आडवा. रिकाम्या बंद बाटल्या जाळीत भरून बांधल्या तरी चालतो. प्रवाहाला काटकोनात नको, तिरका, म्हणजे जलपर्णी सरकत एका काठाला येते आणि तिथून ओढता येते. पुराआधी दोर सोडून ठेवा, नाहीतर तो बंधारा होईल.

वनस्पतीवेडी:
मान्य. पाण्यात वरून खाली, काठावर चांगल्याकडून वाईटाकडे. दोन्ही कामं एकाच दिवशी एकाच जागी येतीलच असं नाही.

निवडुंग:
आणि लावायचंच असेल तर रोपवाटिकेतल्या पिशव्या बघून घ्या. देशी उंबर म्हणून आणलेल्या पिशवीतल्या मातीत गाजरगवताचं रोप फुकट मिळतं. काठासाठी वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ ठीक, पाण्याच्या रेषेवर लव्हाळे आणि शेरणी. शेरणी फार मोलाची, पुरात आडवी होते, उपटत नाही. फांद्या आणि बी शक्यतो त्याच ओढ्याचं घ्या. सुबाभूळ, गिरिपुष्प भराभर वाढतात म्हणून कुणी सुचवेल, हात जोडून नको म्हणा.

गाजरगवत आलंच तर पांढरी फुलं यायच्या आत, माती ओली असताना, मुळासकट. हातमोजे हवेतच. ज्यांना दमा किंवा त्वचेची ॲलर्जी आहे त्यांना ते काम देऊ नका.

सरळसोट:
फवारणी का नाही कुणी म्हणत? ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं की विषय संपला.

पाणलोट:
पाण्यावर नको. एक तर फवारा पानाला चिकटावा म्हणून त्यात मिसळलेला चिकटा बेडकांच्या पिल्लांना मारतो. आणि फवारलेली जलपर्णी तिथेच बुडते, कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढते. मासे उलटे तरंगतात. वर जे अन्न तिने शोषलं होतं ते परत पाण्यात. म्हणजे पुढच्या जलपर्णीची सोय.

मधुमालती:
मग काढलेली जलपर्णी टाकायची कुठे? खत करता येतं म्हणतात.

पाणलोट:
येतं, पण ती नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असते, त्यामुळे आधी पुराच्या रेषेच्या वर नेऊन पसरून वाळवा. ढीग केला तर मधली झाडं आठवडेच्या आठवडे हिरवी राहतात. आणि वर कारखान्याचं पाणी येत असेल तर ती जड धातू शोषून घेते, ते खत खाण्याच्या भाज्यांना वापरू नका. फुलोरा येऊन गेलेली असेल तर बीसुद्धा खतात जातं.

तिबोटी:
एक राहिलं. एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाता ना तुम्ही लोक? बुटांचे तळवे, दोर, जाळ्या, बादल्या. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो शेवाळ सापडलं, डोळ्यांना दिसत नाही अशा थेंबातून पसरणारं. तिथे मासेमारीच्या, तळव्यांना नमदा (दाबून केलेलं जाड लोकरी कापड) लावलेल्या बुटांवर बंदीच आणली, कारण नमदा ओला राहतो. त्यांचा नियम सोपा आहे: तपासा, धुवा, वाळवा. हाताला कोरडं लागल्यावरही अजून ४८ तास वाळू द्यायचं.

ओढाकाठ:
आमच्या गटाचे दोर कधीच कोरडे नसतात. दोन संच करावे लागतील, प्रत्येक ओढ्याचा वेगळा. पाणलोट, तिरक्या दोराचा कोन किती ठेवता तुम्ही?

पाणलोट:
प्रवाहावर आहे. संथ असेल तर पंचेचाळीस अंश पुरे. जोर असेल तर आणखी निजवा, काठाशी तीस अंशांपर्यंत, नाहीतर जलपर्णी सरकायच्या ऐवजी दोराखालून निसटते. खालच्या काठाला ओढून काढायला सपाट जागा आहे ना ते आधी बघा, मग दोर बांधा.